जहाजाच्या धुराला मालक कोण?

दि. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स आणि वर्षाला २९ कोटी ८० लाख टन माल हाताळण्याची क्षमता. जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजे येथे लागतील असे सांगण्यात आले.

या बंदराविरुद्ध चिंचणी, वरोर, वाढवण ते थेट डहाणूपर्यंतची माणसे पंचवीस वर्षांहून अधिक काळ लढत आहेत. मासेमारीची खडकाळ जागा जाणार, किनारा खचणार, डायमेकिंगचा घरगुती धंदा उठणार, आदिवासींची जमीन रस्त्याखाली आणि रेल्वेखाली जाणार, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि प्रस्तुत लेखकाचा त्यांना पाठिंबा आहे. परंतु या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो, मासळी गेली तर रिकामे जाळे दाखवता येते. श्वासाचा सातबारा कुठे असतो? या जहाजांच्या नळकांड्यांतून जो धूर निघणार आहे, तो कोणाच्या छातीत जाणार आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा तो प्रश्न होय.

बंदर झाले तरी हा प्रश्न राहणार आहे. बंदराचे काम थांबले तरी जयगडपासून न्हावा-शेवापर्यंतच्या किनाऱ्याला तो लागू आहेच. म्हणून त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

जहाज काय जाळते?

आपल्या एस.टी.त, ट्रकमध्ये, टेम्पोत जे डिझेल भरले जाते त्यात १ एप्रिल २०२० पासून गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत फक्त १० भाग असावे लागते. यालाच बी.एस. सहा म्हणतात. गंधक जळाले की सल्फर डायऑक्साइड वायू होतो, आणि तो हवेत पुढे बारीक कणांच्या रूपाने छातीत खोल उतरतो. म्हणून सरकारने रिफायनऱ्यांना हजारो कोटी खर्च करायला लावून हे गंधक काढायला लावले. चांगले केले.

आता जहाजाकडे पाहा. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो डांबरासारखा गाळ उरतो, ते जहाजाचे पारंपरिक इंधन. ते इतके घट्ट असते की तापवल्याशिवाय पाइपातून वाहत नाही. २०१९ अखेरपर्यंत त्यात साडेतीन टक्के गंधक चालत असे. म्हणजे आपल्या ट्रकच्या डिझेलच्या साडेतीन हजार पट. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टानुसार १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. सुधारणा मोठी आहे यात वाद नाही. पण अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार भाग. ट्रकच्या डिझेलच्या पाचशे पट!

त्यातही एक पळवाट आहे. जहाजावर स्क्रबर नावाचे धूर धुण्याचे यंत्र बसवले की जुनेच गंधकयुक्त तेल जाळायची मुभा मिळते. यातली बरीच यंत्रे समुद्राचे पाणी घेऊन धूर धुतात आणि ते आम्लयुक्त, घाण पाणी परत समुद्रात सोडतात. हवेतले विष पाण्यात जाते, एवढाच फरक. सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बंदरात असे पाणी सोडायला बंदी केली. कोळी बांधवांनी हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा.

गंधकाखेरीज काजळी आहे, नायट्रोजनचे ऑक्साइड आहेत. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जहाजांच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ६० हजार माणसे हृदयाच्या व फुप्फुसाच्या विकाराने मरतात असा अंदाज काढला आणि यातले बहुतेक मृत्यू युरोप, पूर्व आशिया व दक्षिण आशियाच्या किनाऱ्यालगत होतात असे सांगितले. दक्षिण आशिया म्हणजे आपणच.

"पण आता २०२० चा नियम आला ना?" असे कोणी विचारील. २०१८ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी अधिक व्यापक हिशोब मांडला. त्यांच्या मते हा नवा नियम पाळला गेला तरीही जहाजांच्या धुरामुळे वर्षाला सुमारे अडीच लाख मृत्यू आणि ६४ लाख मुलांना दम्याचा त्रास उरतोच.

धक्क्याला लागलेले जहाज झोपत नाही

जहाज बंदरात आले की त्याचे मुख्य इंजिन बंद होते. त्यामुळे धूरही बंद झाला, असा सामान्य माणसाचा समज होतो. तो खरा नाही. जहाजावर दिवे हवेत, पंप हवेत, खलाशांचा स्वयंपाक हवा, आणि मुख्य म्हणजे मांस, मासळी, फळे, औषधे भरलेले शेकडो थंड कंटेनर गार ठेवायला हवेत. त्यासाठी जहाजावरची जनरेटर इंजिने रात्रंदिवस चालू राहतात. एका मोठ्या कंटेनर जहाजाला धक्क्यावर उभे असताना एक ते काही मेगावॉट वीज लागते. नऊ टर्मिनल्स, प्रत्येकावर जहाजे, आणि बाहेर खोल पाण्यात पाळीची वाट पाहणारी आणखी जहाजे. ही समुद्रात उभी राहणारी आणि डिझेलवर चालणारी वीजकेंद्रेच आहेत.

"बंदर समुद्रात आत आहे, धूर वाऱ्यावर जाईल," असे उत्तर दिले जाते. वाऱ्यावर जाईल हे खरे, पण कोणीकडे? खारे वारे आणि मतलई वारे आपण चौथी-पाचवीत शिकलो. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. पावसाळ्यात तर चार महिने नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडूनच येतो. या वाऱ्याच्या वाटेवर आधी किनाऱ्यावरच्या कोळी-मांगेला वस्त्या आहेत, मग चिंचणी-वरोरच्या वाड्या, मग चिकूच्या बागांत मजुरी करणारे वारली पाडे, मग वाणगाव आणि बोईसरच्या चाळी. मालक मंडळी मुंबईत आणि परदेशात असतात. वारा तिथपर्यंत पोहोचत नाही.

आधीच भरलेली छाती

हे सारे एखाद्या निर्मळ प्रदेशात घडणार असते तर गोष्ट वेगळी. चिंचणीच्या दक्षिणेला खाडीपलीकडे तारापूर. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. बाजूला तारापूर औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे मोजमाप केले, तेव्हा ९३.६९ गुणांसह तारापूर देशात पहिले आले. गुण जितके जास्त तितके प्रदूषण जास्त! उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॉटचे कोळशावरचे औष्णिक केंद्र आहे. मध्ये चिंचणी. आता पश्चिमेकडूनही धूर येणार.

म्हणून एकट्या जहाजाचा धूर किती, असा हिशोब करणे ही फसवणूक आहे. आधीच्या तीन बाजूंच्या भारात चौथी बाजू मिळवली की एका माणसाच्या फुप्फुसात एकूण किती जाते, हा खरा हिशोब.

गंधकाविरुद्ध डहाणूने आधी एक लढाई जिंकली आहे

या तालुक्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि लाल यादीतल्या प्रदूषणकारी उद्योगांना येथे बंदी झाली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्या प्राधिकरणाने १९९८ साली, पी अँड ओ या परदेशी कंपनीचे वाढवण बंदर नाकारले. १९९९ साली त्याने औष्णिक केंद्राला चिमणीतले गंधक काढणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने टाळाटाळ केली, मालकी बदलली, वर्षे गेली. शेवटी २००७ साली यंत्र बसले. आठ वर्षे लागली, पण बसले.

का बसले? कारण त्या धुराला मालक होता. चिमणी जमिनीवर होती, कंपनीचे नाव होते, पत्ता होता आणि तिला कोर्टात खेचता येत होते.

पुढचा इतिहास उलट्या दिशेचा आहे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने बंदरे, धक्के, गाळउपसा यांना बिगर-औद्योगिक कामांत टाकले. त्या आधारे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने भूमिका घेतली की बंदर हा उद्योग नसल्यामुळे डहाणूतली १९९१ ची बंदी त्याला लागत नाही. ज्या प्राधिकरणाने १९९८ साली बंदर नाकारले त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये तर केंद्राने देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्राच्या सक्तीतूनच सूट दिली. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते यावरून कळावे.

धूर बेवारस कसा होतो?

वकील म्हणून मला यातली खरी मेख दिसते ती अशी. जहाजावर झेंडा पनामाचा, लायबेरियाचा किंवा मार्शल बेटांचा. जहाजाचा मालक एका देशात, ते भाड्याने चालवणारी कंपनी दुसऱ्या देशात, खलाशी तिसऱ्या देशातले. माल कोणा चौथ्याचा. टर्मिनल खाजगी ठेकेदाराचे. बंदर जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या संयुक्त कंपनीचे. आणि कागदावर बंदर हा उद्योगच नाही! चिंचणीच्या एखाद्या आईने दम्याने धापा टाकणाऱ्या मुलाला घेऊन जाब विचारायचा ठरवला, तर तिने कोणाच्या दारात जावे?

१९८१ चा हवा प्रदूषण कायदा उघडून पाहा. ज्या कोणत्या बांधकामाच्या तोंडातून प्रदूषक बाहेर पडू शकतो ते सारे चिमणीत येईल, इतकी चिमणीची व्याख्या व्यापक आहे. पण हा कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, मोटार होती. जहाज मात्र त्याने स्पष्ट शब्दांत वगळले. जहाजाचा धूर नौवहन महासंचालनालयाच्या वाट्याला जातो, आणि ते जहाजाचे कागद पाहते. चिंचणीतल्या मुलाची छाती पाहणे हे त्याचे काम नाही. प्रदूषण मंडळ जमिनीकडे पाहते, महासंचालनालय समुद्राकडे. धूर मात्र दोघांच्या मधून निघून येतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : बंदराच्या हद्दीत निघणाऱ्या प्रत्येक धुराचा मालक बंदर आहे, असे कायद्याने ठरले पाहिजे. झेंडा कोणाचाही असो.

हे अशक्य आहे काय?

मुळीच नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांच्या भोवती काळ्या आणि लॅटिनो कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. तिथल्या रहिवाशांनी आणि पर्यावरण संघटनांनी २००१ साली एका नव्या कंटेनर टर्मिनलविरुद्ध कोर्टात धाव घेतली. २००३ साली तडजोड झाली, आणि २००४ साली ते टर्मिनल उघडले तेव्हा तिथे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय होती. जहाजाने आपली इंजिने बंद करायची आणि किनाऱ्याची तार लावायची. पुढे कॅलिफोर्निया राज्याने हे नियमातच आणले. २००९ पासून किनाऱ्यापासून २४ सागरी मैलांच्या पट्ट्यात स्वच्छ इंधन सक्तीचे केले. जहाज कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात आव्हान दिले, ते २०११ साली अपील कोर्टात टिकले नाही. चीननेही जगाची वाट पाहिली नाही. २०१९ पासूनच त्याने आपल्या सबंध किनाऱ्यालगत १२ सागरी मैलांत अर्ध्या टक्क्याची मर्यादा लावली.

युरोपच्या उत्तर समुद्रात, बाल्टिकमध्ये, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर २०१५ पासून गंधकाची मर्यादा ०.१ टक्का आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. तेच जहाज रॉटरडॅमला जाताना स्वच्छ इंधन जाळते आणि भारतात येताना त्याच्या पाच पट गंधक असलेले जाळते. इंजिन तेच, खलाशी तेच. मग फरक कशाचा? गोऱ्यांच्या फुप्फुसाची आणि आपल्या फुप्फुसाची किंमत वेगळी लावली जाते, याचा.

भारत सरकारने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात किनारी विजेचा उल्लेख आहे. पण मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. सूचना मोडली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : "तुमचे मच्छीमारही डिझेलच जाळतात की." जाळतात. पण पंपावर मिळणारे डिझेल बी.एस. सहाचे आहे. सातपाटीच्या किंवा चिंचणीच्या नाखव्याची बोट जे जाळते त्यापेक्षा पाचशे पट अधिक गंधक असलेले इंधन जाळायची परवानगी जगातल्या सर्वात श्रीमंत जहाज कंपन्यांना आहे. गरिबावर कडक नियम आणि धनदांडग्यावर सैल, ही आपल्या देशाची जुनी रीत समुद्रातही पाळली जाते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. बंदरामुळे सुमारे दहा लाख रोजगार निर्माण होण्याची शक्यता सरकार सांगते. आपल्या वस्त्यांतल्या शिकलेल्या मुलांना काम हवे आहे, हे मी नाकारत नाही. आय.टी.आय. केलेला पोरगा घरी बसलेला पाहून कोणत्या बापाला सुख वाटेल? पण टर्मिनल्स खाजगी भागीदारीत चालणार. खाजगीत आरक्षण नाही. म्हणजे आपल्या वाट्याला कोणते काम येणार ते तारापूरच्या अनुभवावरून ओळखावे : कंत्राटी हेल्पर, लॅशिंगवाला, सफाईवाला, ट्रकचा क्लीनर. हे सारे जहाजाच्या धुराच्या सर्वात जवळ उभे राहणारे लोक. स्वच्छ हवेची मागणी रोजगाराविरुद्ध नाही. ती त्या पोराच्याच आयुष्यासाठी आहे.

आणि जहाजाविरुद्ध तर आपण नाहीच. चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याने लोकांसाठी मोफत नावा आणि अन्नछत्र सुरू केल्याची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी माणूस आला तो लोकांना काही देऊन गेला. आजच्या परदेशी जहाजाने किमान आमचा श्वास तरी घेऊ नये.

मागण्या

एक, वाढवणला पहिले जहाज लागण्यापूर्वी सर्व धक्क्यांवर किनारी विजेची सोय असावी आणि ती वापरणे जहाजांना सक्तीचे असावे. ही वीज कोळशाची नसावी. नाहीतर वाढवणचा धूर थांबवून डहाणूचा वाढवल्यासारखे होईल.

दोन, १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात ०.१ टक्का गंधकाची मर्यादा लावावी. बंदरप्रवेशाच्या अटी घालण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम देशाला आहे.

तीन, स्क्रबरचे पाणी या समुद्रात सोडण्यास बंदी घालावी.

चार, चिंचणी, वरोर, वाढवण, वाणगाव येथे हवा मोजणारी कायम यंत्रे आजच बसवावीत, आणि शाळांतल्या मुलांच्या फुप्फुसांची तपासणी आजच व्हावी. बंदर सुरू झाल्यावर मोजले तर "आधीपासूनच असे होते" हे उत्तर ठरलेले आहे.

पाच, प्रत्येक जहाजाला इंधन घेतल्याची पावती तीन वर्षे जपावी लागते आणि इंधनाचा नमुनाही राखून ठेवावा लागतो. त्या पावत्यांची तपासणी किती जहाजांची झाली, दोषी किती निघाले, हे दर महिन्याला मराठीत जाहीर करावे.

चळवळीने काय करावे?

पर्यावरण हा शहरातल्या सुखवस्तू मंडळींचा विषय आहे असे मानून आपण तो आजवर सोडून दिला. ही चैन आता परवडणारी नाही. जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले आहे. तो हक्क बाबासाहेबांच्या संविधानाच्या कलम २१ मधला आहे. तो वापरला नाही तर दोष संविधानाचा नाही.

काम सोपे आहे आणि ते करायला मोठे पुढारी लागत नाहीत. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. प्रत्येक ग्रामसभेने वरील पाच मागण्यांचा ठराव करावा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो जनतेला खुला असतो. आपल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो मिळवावा, मराठीत करावा, बुद्धविहारात आणि कोळीवाड्यात वाचून दाखवावा. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व लिहिलेले आहे. न्हावा-शेवाच्या पट्ट्यातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी याच न्यायाधिकरणाने २०१५ साली ९५ कोटींहून अधिक भरपाईचा आदेश दिला होता. पण तो आदेश मासेमारी गेल्यानंतरचा. गेलेल्या मासळीची किंमत निदान मांडता येते. गेलेल्या फुप्फुसाची मांडता येत नाही. म्हणून ही लढाई आधी लढायची आहे.

मुंबई कायदेमंडळात बोले ठराव १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. कागदावर पाणी आपलेच होते. तरी ते ओंजळीत यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यापर्यंत चालत जावे लागले. हवेचा हक्कही आज कागदावर आहे. वाढवणला पहिले जहाज लागण्याआधी आपण तिथपर्यंत चालत गेलो पाहिजे.